खड्याला लागणारा विटाळ

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. भंडाऱ्यात आम्ही ज्या वर्गाला मराठी शिकवितो, त्या वर्गात तास सुरू होण्यापूर्वी एका विद्यार्थिनीने गळ्यातील पदक काढून बाकावर ठेवले होते. चांदीच्या कोंदणात बसविलेला जांभळा स्फटिक. बाजारात ज्याला अमेथिस्ट म्हणतात तो. मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने तो उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि कौतुकाने पाहू लागला. तिने घाईघाईने तो परत घेतला व म्हणाली, "अरे, हात नको ना लावूस! आता पुन्हा क्लेन्ज करावा लागेल." बोलण्यात राग नव्हता. वाळत घातलेले कपडे पावसाने पुन्हा भिजवले म्हणजे माणूस जितके कुरकुरेल, तितकीच ती कुरकूर होती. मुलगा "सॉरी" म्हणाला आणि त्याने आपला हात शर्टाला पुसला.

आम्ही हजेरी घेतली, तासही घेतला. पण तो शर्टाला पुसलेला हात काही केल्या मनातून जाईना. खडा त्याने पुसला असता तर गोष्ट वेगळी होती. त्याने पुसला तो हात.

तास संपल्यावर आम्ही त्या विद्यार्थिनीकडून खड्यासोबत आलेली पुस्तिका मागून घेतली. तिनेही ती आनंदाने दिली. आमच्या चौकशीत तिला नवशिक्याचा उत्साह दिसला असावा. सोळा पानांची, गुळगुळीत कागदावर छापलेली, इंग्रजीवरून मराठीत आणलेली ही पुस्तिका आम्ही दोनदा वाचली. मराठीच्या अभ्यासकाने वाचावी अशीच ती आहे. खड्यांत आजार बरे करण्याची शक्ती असते की नसते, हा आमचा आजचा विषय नव्हे. त्या बाबतीत आमचे मत कुणी विचारलेच तर २००१ साली लंडनमधील मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी मांडलेल्या प्रयोगाकडे आम्ही बोट दाखवू: त्यांनी काहींच्या हाती खरे स्फटिक दिले, काहींच्या हाती खोटे, आणि 'ऊर्जा' जाणवल्याचे दोन्ही गटांनी सारखेच सांगितले. पण श्रद्धेने माणसाला दिलासा मिळतो, तो मिळू द्यावा. आमची तक्रार पुस्तिकेच्या वैद्यकाबद्दल नाही, तिच्या मराठीबद्दल आहे.

इंग्रजीतील 'क्लेन्ज' या क्रियापदासाठी अनुवादकाने सर्वत्र 'शुद्धीकरण' हा शब्द योजला आहे. न धुतलेला खडा 'अशुद्ध'. खडा गळ्यात घालणे नव्हे, तर 'धारण करणे'. नवा खडा घरी आला की तो 'सिद्ध' करावयाचा, कारण खाणीपासून दुकानापर्यंत तो 'अनेकांच्या हातांतून' आलेला असतो. आपला खडा परक्याने हाताळल्यास त्याची 'नकारात्मक ऊर्जा' खड्यात उतरते, म्हणून पुन्हा शुद्धीकरण. उपाय पुढे दिले आहेत: खाऱ्या पाण्यात रात्रभर, पौर्णिमेच्या चांदण्यात, धुरीवर, मातीत पुरून, घंटानादाने, किंवा सेलेनाइटच्या ताटलीवर (जी त्याच दुकानात मिळते). इथवर सारे मूळ इंग्रजी पुस्तकांतून आले असणार. कॅट्रिना राफाएल यांचे 'क्रिस्टल एन्लाइटनमेंट' १९८५ साली निघाले, जूडी हॉल यांचे 'द क्रिस्टल बायबल' २००३ साली; त्या सुमारापासून जगभर वाढलेल्या ग्रंथवाङ्मयाचीच ही आमच्या गावापर्यंत पोहोचलेली एक फांदी. पण अकराव्या पानावर एक वाक्य असे येते की ते अनुवादित असूच शकत नाही. मासिक धर्माच्या दिवसांत खडा उतरवून देवघराबाहेर ठेवावा आणि पाचव्या दिवशी गोमूत्र शिंपडून पुन्हा धारण करावा, असे ते वाक्य. मूळ लेखिकेला देवघर कुठले ठाऊक असणार? हे अनुवादकाने आपल्या पदरचे घातले आहे. बहुधा ते घालताना आपण काही भर घालतो आहोत असे त्याला वाटलेही नसेल. 'शुद्धीकरण' हा शब्द एकदा लिहिला की त्यामागोमाग ही सारी वरात मराठीत आपसूक चालत येते.

आणि त्या वरातीच्या अग्रभागी जो शब्द असतो, तो मात्र पुस्तिकेत एकदाही येत नाही. तो शब्द म्हणजे 'विटाळ'. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) या शब्दाखाली स्पर्शाने येणारी अशुचिता आणि स्त्रीचा मासिक धर्म हे दोन्ही अर्थ दिलेले आहेत. मराठीने ते एकाच शब्दात कोंबले आहेत. स्पर्शाने दोष संक्रमित होतो. तो दोष वस्तूत नसतो, दुसऱ्या माणसात असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून नुसत्या पाण्याने जात नाही. त्यासाठी विधी लागतो. ही जी चार कलमे, ती पुस्तिकेची आहेत आणि विटाळाचीही. फरक असलाच तर इतका की पुस्तिका 'विटाळ' न म्हणता 'ऊर्जा' म्हणते आणि त्यामुळे आमच्या वर्गातील जी मुले 'विटाळ' हा शब्द ऐकताच ताठ होतात, तीच 'ऊर्जा' ऐकून निवांत बसतात.

यावर एक आक्षेप हमखास येईल आणि तो आम्हांस हलका वाटत नाही. विटाळाची उतरंड असते. तो वरून खाली ठरतो, खालचा वरच्याला बाटवतो, वरचा खालच्याला नाही. ऊर्जेला मात्र जात नाही. पुस्तिकेच्या हिशेबी सख्खी आई खड्याला हात लावील तरी तो धुवावा लागेल. हा आक्षेप खरा आहे आणि पुस्तिकेच्या बाजूने तो नोंदविला पाहिजे: तिने सर्वांना सारखेच अस्पृश्य केले आहे! पण शब्द हे कोऱ्या कागदावर उमटत नाहीत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी त्या तळ्यात ओतून मंत्रघोषात जे केले त्याला त्यांनी हेच नाव दिले होते: शुद्धीकरण. तळे घाण झाले होते म्हणून नव्हे. त्यात गुरेढोरे पूर्वीपासून पाणी पीत होतीच. काही माणसे त्याला शिवली होती म्हणून. ज्या भाषेत हे घडले त्या भाषेत १०८ हा आकडा, गोमूत्र आणि 'शुद्धीकरण' हे तीन एकत्र आले की आठवण जागी होणारच. आमचा जिल्हाही या आठवणीपासून दूर नाही. १९५४ साली बाबासाहेब लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले होते ते भंडाऱ्यातूनच, आणि येथे ते हरले. येथील कितीतरी घरांतून ती निवडणूक आजही काल घडल्यासारखी सांगतात. ज्या मुलाने शर्टाला हात पुसला तो कुठल्या घरातून आला हे आम्ही सांगणार नाही. वर्गाला ते माहीत होते, एवढे पुरे.

मुलीला दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही. तिच्या मनात जात नव्हती, खडा होता. अडचण नेमकी हीच की मनात नसलेली गोष्टही भाषा माणसाकडून करवून घेते.

मग खड्यांची निगा राखूच नये काय? राखावी, अवश्य राखावी. येथे तर आमचा पुस्तिकेवर उलटाच आरोप आहे: शुद्धीकरणाच्या नादात तिने खड्यांची खरी निगा पार विसरून टाकली आहे. दगड हा दगडच, त्याला काय होते, अशी समजूत असेल तर ती चुकीची आहे. प्रत्येक खड्याचा स्वभाव निराळा. स्फटिक, म्हणजे क्वार्ट्झ, हा कणखर. काठिण्याच्या मोजपट्टीवर तो सातव्या पायरीवर बसतो. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढ्याने तो लख्ख होतो. पण घरात साचणाऱ्या धुळीतही त्याच क्वार्ट्झचे कण असतात, म्हणून सातव्या पायरीखालचा कुठलाही खडा कोरड्या फडक्याने खसाखसा पुसला तर त्यावर बारीक ओरखडे उठतात. आधी पाण्याने धूळ घालवावी, मग टिपावे. अमेथिस्टचा जांभळा रंग लोहाच्या अंशामुळे व निसर्गातील किरणोत्सारामुळे आलेला असतो आणि प्रखर उन्हात दीर्घकाळ राहिल्यास तो फिकट होतो. पुस्तिका मात्र 'ऊर्जाभारणा'साठी तो सकाळच्या उन्हात ठेवावयास सांगते. पाचूमध्ये जन्मतःच बारीक भेगा असतात आणि त्या बहुधा तेलाने भरलेल्या असतात. गरम पाणी व साबण यांनी ते तेल निघून जाते आणि पाचू एकाएकी म्हातारा दिसू लागतो. फिरोजा सच्छिद्र असतो. अत्तर, तेल, घाम सारे पितो आणि हिरवट पडतो. खारे पाणी तर चांदीच्या कोंदणाला काळे करते आणि सांध्यांत मिठाचे कण अडकून बसतात, ते वेगळेच.

मोत्याची कथा सर्वांत नाजूक. तो खडा नव्हेच, शिंपल्यातील जिवाने थरावर थर चढवून केलेला चुना आहे. लिंबाच्या थेंबाने विरघळणारा. नथ, चिंचपेटी, तन्मणी वापरणाऱ्या आमच्या आज्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण मोती सर्वांत शेवटी घालावेत आणि सर्वांत आधी काढावेत, काढल्यावर मऊ ओलसर फडक्याने पुसावेत, मलमलीत गुंडाळावेत, दोरा मळला की पुन्हा गाठवून घ्यावेत, हे त्यांना पक्के ठाऊक होते. सोन्याचांदीचे डाग त्या रिठ्याच्या पाण्यात धूत. आणि या सगळ्याला त्या 'शुद्ध करणे' म्हणत नसत. दागिना 'धुवून पुसून ठेवणे', 'उजळणे', 'उजाळा देणे' हे त्यांचे शब्द. मोत्याच्या तेजाला मराठीत 'पाणी' म्हणतात, आणि ते पाणी राखायचे म्हणजे काय, हे या क्रियापदांतून स्पष्ट होते. त्यांत घाण आहे ती धुळीची, घामाची, तेलाची. माणसाची नाही.

आता कुणी म्हणेल, शुद्धी ही तर आपल्या रसशास्त्रातही आहे. आहे खरी. 'रसरत्नसमुच्चया'त प्रत्येक रत्नाचे शोधन निराळे सांगितले आहे: माणकाला आंबट रस, मोत्याला जयंतीचा रस, पाचूला गाईचे दूध, नीलमाला निळीचा रस. पण ते शोधन रत्नाचे भस्म करून औषधात घालण्यापूर्वीचे आहे. वैद्याच्या कुटीतील ती पाकक्रिया. रत्नाला कुणी शिवले याची तिला फिकीर नाही. गरुडपुराणात मोती मिठाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवून मग साळीने चोळावयास सांगितले आहे, तेही शुद्धीसाठी नव्हे तर परीक्षेसाठी: खरा मोती त्यातून तेज न गमावता बाहेर येतो. (भाताच्या जिल्ह्यात राहून आम्ही हे साळीचे वाक्य वाचले तेव्हा उगाचच अभिमान वाटला.) तेच खारे पाणी, तीच रात्र, एके ठिकाणी प्रश्न मोत्याला विचारला आहे, दुसरीकडे दुसऱ्याच्या हाताला.

तरी पूर्वजांना आम्ही सरसकट निर्दोष ठरवीत नाही. दगड धुण्याची सर्वांत जुनी घरगुती रीत कोणती, असे विचाराल तर ती पंचायतनाच्या पूजेची: गंडकीतील शाळिग्राम, नर्मदेतील बाण, शोण नदीतील तांबडा शोणभद्र, आणि त्यांच्या जोडीला सूर्याचा स्फटिक व देवीची सुवर्णमुखी. नद्यांनी शतकानुशतके धुतलेले हे दगड पळीभर पाण्याने रोज पुन्हा धुवायचे, टिपायचे, गंध लावायचे, या क्रियेत विलक्षण जिव्हाळा आहे. लहानपणी आम्ही ती तासन् तास पाहिली आहे. पाहिली, असेच म्हणावे लागेल. कारण हात लावण्याची मुभा सोवळ्यातील एकाच व्यक्तीला होती आणि घरातील स्त्रियांना शाळिग्रामाला शिवता येत नसे. तेव्हा जिव्हाळा आणि विटाळ हे आमच्याकडे एकाच ताम्हनात नांदत होते. पुस्तिकेने त्यांतला जिव्हाळा सांडला आणि विटाळ तेवढा उचलला.

याच मातीत दगडाशी वागण्याची आणखी एक तऱ्हा आहे आणि मराठीच्या विद्यार्थ्यांना ती ठाऊक असलीच पाहिजे. चक्रधरस्वामींच्या पहिल्या शिष्यांपैकी एक नीळभट्ट भांडारेकर. त्यांच्या नावातले गाव म्हणजे हे आमचे भंडारा. महानुभाव पंथात स्वामी जेथे बसले, जेथे निजले, जेथे उभे राहिले ती ठिकाणे 'स्थानपोथी'त दिशांसह नोंदविलेली आहेत, आणि त्या स्थानांशी संबंध असलेले दगडाचे तुकडे 'विशेष' म्हणून भक्तांच्या घरी जपलेले असतात. वस्त्रात गुंडाळून ठेवतात, उघडून वंदन करतात. त्या दगडात रंग नसतो, चमक नसते, बाजारात त्याला दमडी येणार नाही. त्याचे सारे मोल एवढ्यात आहे की त्याला कुणाचा तरी स्पर्श झाला होता. पुस्तिकेचा सिद्धांत येथे पुरता उलटा होतो: दुसऱ्याचा हात लागला म्हणून दगड धुवायचा नाही, हात लागला म्हणूनच तो ठेवायचा. आणि हे योगायोगाने नव्हे. 'लीळाचरित्रा'त स्त्रियांच्या विटाळाचा प्रश्न निघतो तेव्हा स्वामी तो देहाच्या इतर स्रावांसारखाच एक स्राव म्हणून, नाकातून वाहणाऱ्या द्रव्याच्या पंगतीला बसवून, निकालात काढतात. तेराव्या शतकातील गद्य आपल्या अभ्यासक्रमात आपण व्याकरणासाठी शिकवतो. अकराव्या पानावरच्या त्या गोमूत्राच्या वाक्याशेजारी ठेवून एकदा शिकवून पाहावे. पुढे चोखामेळा आणि सोयराबाई यांनी विटाळावर अभंग रचले, ते तर सोसून रचले. एवढे सारे ज्या भाषेत होऊन गेले त्या भाषेत 'शुद्धीकरण' हा शब्द खड्याच्या डबीवर छापताना अनुवादकाचा हात जरासुद्धा थरथरला नाही, याचे आम्हांस आश्चर्य वाटते. येशूनेही कुष्ठरोग्याला आधी स्पर्श केला, ही गोष्ट मराठी बायबल वाचणाऱ्यांना माहीत आहे. तेथेही शब्द 'शुद्ध'च, पण हात कुणीकडून कुणीकडे गेला ते पाहावे.

पुस्तिकेच्या शेवटल्या पानाने मात्र आम्हांस हसविले. 'शुद्धीकरणाची गरज नसलेले स्फटिक' अशी एक चौकट तेथे आहे, आणि त्यात पहिले नाव कायनाइटचे. हा निळा दगड म्हणे नकारात्मक ऊर्जा धरूनच ठेवीत नाही, म्हणून तो कधीही धुवावा लागत नाही. सदैव शुद्ध, जगातील मोजक्या दगडांपैकी एक. वाचकहो, कायनाइट हा आमच्या भंडारा जिल्ह्याचा दगड आहे! दहेगावच्या आसपास त्याच्या खाणी आहेत, सिलिमनाइट आणि कोरंडम यांच्या सोबतीने तो येथे सापडतो. आमच्याकडचा कायनाइट दागिन्यातला नव्हे, मुख्यतः भट्टीच्या कामाचा. तेराशे अंशांच्या पुढे तापविला की त्याचे मुलाइटमध्ये रूपांतर होते, तो फुगतो, आणि मग त्याच्या विटा पोलादाच्या भट्ट्यांना आतून लावतात. पुस्तिकेतील नाजूक निळी पाती आणि भट्टीची भिंत, दोहोंचे मूळ खनिज एकच.

निगेच्या दृष्टीनेही कायनाइट मोठा विचित्र. एका दिशेने चाकूने ओरखडा निघेल इतका मऊ, आडव्या दिशेने जवळजवळ स्फटिकाइतका कठीण. म्हणूनच फ्रेंच खनिजशास्त्रज्ञांनी त्याला दोन बळांचा या अर्थाने 'डिस्थीन' म्हटले होते. शिवाय तो पापुद्र्यांनी फुटतो. सोनाराच्या कंपनयंत्रात टाकला तर तुकडे हाती येण्याची भीती. म्हणजे ज्या खड्याला धुण्याची मुळीच गरज नाही असे पुस्तिका सांगते, त्यालाच प्रत्यक्षात सर्वांत जपून धुवावे लागते.

हसू ओसरल्यावर दुसरी गोष्ट ध्यानात आली. पुस्तिकेत खाणीचा उल्लेख फक्त एकदा येतो, तो 'अनेकांच्या हातांतून' या शब्दांत. ते हात म्हणजे खड्याला लागलेली घाण. पण कुठल्याही खाणीत वा दगड कापण्याच्या कारखान्यात घाण प्रत्यक्षात कोणत्या दिशेने वाहते? क्वार्ट्झ असलेला दगड फोडताना, घासताना उडणारी बारीक धूळ कामगाराच्या फुप्फुसात जाऊन बसते. तिच्यामुळे होणाऱ्या रोगाचे नाव सिलिकोसिस, आणि त्याला कोणताही उतारा नाही. ती धूळ चांदण्यात ठेवून निघत नाही. घाण दगडाकडून माणसाकडे गेली आणि पुस्तिकेने ती माणसाकडून दगडाकडे आल्याचे लिहून ठेवले. ओल्या पद्धतीने छिद्रे पाडणे, धूळ खेचून घेणारी यंत्रे, तोंडावर योग्य पट्टी, वर्षाची तपासणी: खड्यांच्या व्यवहारात शुद्धीचा काही अर्थ असेल तर तो येथे आहे.

तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. या पट्ट्यातील मँगनीजयुक्त खडकाला फर्मोर या भूवैज्ञानिकाने विसाव्या शतकाच्या आरंभी 'गोंडाइट' हे नाव दिले, ते गोंड लोकांवरून. मँगनीजच्या अशा खडकांतच सापडणारा गुलाबी ऱ्होडोनाइट पुस्तिकेत 'हृदयाचा खडा' म्हणून आहे. आठवड्यातून एकदा त्याचे शुद्धीकरण करावे, अशी त्यापुढे सूचना. ज्या खडकाच्या नावातच माणसांची एक जमात आहे तो खडक माणसांच्या स्पर्शापासून जपायचा, हे वाचून आम्ही पुस्तिका मिटली.

मराठीत 'खडा' या शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी राहतात. एक अंगठीतला, आणि दुसरा तांदळातला. 'खड्यासारखा उचलून बाजूला काढणे' हा वाक्प्रचार दुसऱ्यावरून आला. त्या दिवशी वर्गात पहिल्या खड्यापायी एका मुलाचा दुसरा खडा झाला.

पुढल्या आठवड्यात आम्ही वर्गाला एक काम दिले. पुस्तिकेची दोन पाने वाटली, आणि 'शुद्धीकरण' हा शब्द न वापरता ती पुन्हा मराठीत लिहावयास सांगितले. कारण काही सांगितले नाही. अर्ध्या मुलांनी 'स्वच्छता' लिहिले, जे सरकारी आहे पण निरुपद्रवी. काहींनी 'धुणे'. एकीने, तिच्या घरी पितळेच्या भांड्यांचा धंदा आहे, 'चिंच लावणे' लिहिले आणि समासात प्रामाणिकपणे नोंदविले की खड्याला चिंच चालते की नाही ते विचारून सांगते. (बहुतेक खड्यांना चालत नाही.) मजा अशी झाली की 'शुद्धीकरण' काढताच परक्याच्या स्पर्शाचे वाक्य कुणाच्याच मराठीत नीट बसेना. 'दुसऱ्याने हात लावल्यास खडा धुवावा' असे लिहिले की लिहिणाऱ्यालाच 'का?' असा प्रश्न पडे. तिघांनी ते वाक्य गाळूनच टाकले. एकाने 'हात तेलकट असल्यास' अशी पुस्ती जोडली. ज्याने हात पुसला होता त्याने दोन्ही पाने सरळपणे, एकही शेरा न मारता लिहून दिली. अक्षर चांगले आहे.

खड्याची मालकीण तासानंतर थांबली. तिने त्या दिवसाविषयी काही म्हटले नाही, आम्हीही विषय काढला नाही. तिला वेगळेच विचारायचे होते. सेलेनाइटची जी ताटली तिने चारशे रुपयांना घेतली होती, ती पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तिने दोन वेळा मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवली आणि आता तिच्यावरची रेशमासारखी झाक जाऊन ती खरखरीत, पांढुरकी झाली आहे. काही करता येईल काय? सेलेनाइट म्हणजे जिप्सम, तो पाण्यात थोडाथोडा विरघळतो आणि मिठाच्या पाण्यात त्याहून अधिक. गेलेली झाक परत येत नाही. यापुढे कोरडी ठेव, मऊ कुंचल्याने धूळ झटक, एवढेच आम्ही तिला सांगू शकलो.